शैलाकाकूंचं विरजण

४ ऑगस्ट, अल्फारेटा

पोचले एकदाची! विमानात शेजारच्या गृहस्थांनी बूट काढून पाय माझ्या बाजूला पसरले होते आणि त्या मोज्यांचा वास थेट अटलांटापर्यंत पुरला, पण तेवढं सोडलं तर प्रवास मस्त झाला. विमानतळावर चारुताताई आणि शंतनूदादा दोघंही घ्यायला आले होते. चार वर्षांच्या अहिल्याने माझ्या नावाचा रंगवलेला कागद उलटा धरला होता. बघताक्षणीच पोरगी आवडली.

ऑ पेअर म्हणजे काय ते इचलकरंजीत सगळ्या गल्लीला समजावून माझं तोंड दुखलं होतं. शेवटी आईने सोपं करून टाकलं. आमची रेणू अमेरिकेत एका घरी लेकीसारखी राहणार, त्यांचं मूल सांभाळणार, वर कॉलेजात एक कोर्स करणार. बास.

घर मोठं आहे, मागे दाट झाडी. मला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र बाथरूम! बेसिनमध्ये कुणाचा केस नाही, साबणावर कुणाचा केस नाही. व्हिडिओ कॉलवर आईला ते बेसिनच आधी दाखवलं. आई म्हणाली, झालं, किळसाबाई तिथे सुखाने नांदणार. लहानपणापासून ती मला हेच म्हणते. मला कुणाच्या उष्ट्या पेल्यातलं पाणी चालत नाही, दुधावरची साय दिसली तरी उमासे येतात. चारचौघांत आई याची नक्कल करून दाखवते आणि सगळे हसतात. हसू देत.

७ ऑगस्ट

रुळले. सकाळी अहिल्याला उठवायचं, आवरायचं, शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं. चारुताताई घरूनच काम करतात, दिवसभर कानात हेडफोन. मराठी मुलगीच हवी असा त्यांचा हट्ट होता, कारण अहिल्याला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्येच येतं. मी तिला एक वाक्य शिकवायला घेतलंय. जेवताना काही हवं असलं की म्हणायचं, "रेणूताई, अजून दे ना." ती माझ्याकडे बघून गोड हसते आणि म्हणते, "मोर." काय करणार!

पोरगी दहीभाताशिवाय काही खात नाही. ते दहीही बाहेरचं चालत नाही. चिनी मातीचा एक जुना सट आहे, त्यातच लागतं. रात्री सट ओव्हनमध्ये ठेवतात आणि ओव्हन न पेटवता नुसता आतला दिवा लावतात. तेवढी ऊब पुरते म्हणे. विरजण शंतनूदादाच्या आईंनी, शैलाकाकूंनी, नागपूरहून आणलं. दह्यात रुमाल भिजवून, वाळवून, घडी करून पर्समध्ये. इथे आल्यावर कोमट दुधात तो रुमाल बुडवला की झालं. बायकांची अक्कल बघा! तेव्हापासून ते विरजण कधी मोडलेलं नाही.

काकूंचा फोटो जेवणाच्या टेबलासमोर आहे, हार नाही. म्हणून मी विचारलं, त्या भारतात असतात का? चारुताताई म्हणाल्या, छे, आई इथेच आहेत की, घरातच. मला वाटलं प्रेमाने म्हणतात. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात लोक.

अहिल्या त्या दह्याला 'कामिला' म्हणते. कामिला ही माझ्या आधीची ऑ पेअर, कोलंबियाची. वसंतात अचानक गेली. बिचारीला तिची आठवण येत असणार.

१३ ऑगस्ट

शी! शी! शी!

दही हल्ली बिघडलं होतं. चमच्याला तार सुटायची आणि कुबट वास यायचा, न्हाणीघराच्या कोपऱ्यात राहिलेल्या ओल्या फडक्यासारखा. आज अहिल्याला वाढताना डाव काहीतरी कडक वस्तूला लागला. बोटाने ओढून काढलं तर नख. अख्खं, मुळापासूनचं, निळं नेलपॉलिश लावलेलं. त्याच निळ्या रंगाची बाटली माझ्या बाथरूमच्या खणात पडलेली आहे.

सिंकवर वाकून ओकले. मग सगळं दही कचऱ्यात ओतलं. शेवटचा भाग पडेना. सटाच्या तळाला धरून राहिला. शेवटी हाताने ढकलला, तेव्हा एकदम गोळ्याने सुटला. सट उकळत्या पाण्याने तीनदा घासला आणि दुकानातल्या दह्याचं विरजण लावलं. चारुताताई मीटिंगमध्ये होत्या, विचारलं नाही. यात विचारायचं काय?

१६ ऑगस्ट

अहिल्याने काही खाल्लेलं नाही. दुकानातल्या विरजणाचं दही जिभेला लागलं की थुंकते. खिचडी नाही, पास्ता नाही. आज दुपारी ती ओट्याखाली बसून रिकामा सट आतून चाटताना दिसली. मला किळसही आली आणि रडूही आलं. दंड काडीसारखे झालेत तिचे.

चारुताताईंना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "इट्स ओके यार, तुला काय माहीत. ते तसंही संपतच आलं होतं." मग म्हणाल्या, आता विरजण तूच लाव, आईंच्या पद्धतीने. दूध कोमट झालं का ते बोट बुडवून बघायचं. ते तर आमच्याकडेही बघतात. फक्त इथे बोट लगेच काढायचं नाही. पाचही बोटं, उजव्या हाताची, अहिल्याचं कार्टून संपेपर्यंत दुधात. कुणाच्या तरी हाताची ऊब लागते त्याला, म्हणाल्या.

मला हे घाणेरडं वाटलं. पण पोर उपाशी होतं आणि चूक माझी होती. हात साबणाने घासून घासून धुतला आणि बुडवला. दूध उबदार होतं. वाईट नाही वाटलं.

१७ ऑगस्ट

दही सुरीने कापावं असं लागलं! पांढरंशुभ्र, गोड. अहिल्या दोन वाट्या खाऊन वाटी चाटत होती. विचारलं, आवडलं का? म्हणाली, "दिस इज रेणू." मी हसले आणि तिचा पापा घेतला.

मी खाल्लं नाही. माझाच हात बुडालेला होता त्यात.

२५ ऑगस्ट

रोज लावावं लागतं. आता मनगटापर्यंत. चारुताताई म्हणतात, जितका हात तितकं दाट.

हाताच्या सुरकुत्या जात नाहीत. कपडे धुतल्यावर बोटं कशी होतात तशी झालीत, पण दिवसभर तशीच. कातडी पांढरट आणि बुळबुळीत, कितीही पुसा. नखं मऊ पडलीत, दाबली की वाकतात. क्रीम लावलं, तर सकाळी क्रीम तसंच वर आणि त्याखालून काहीतरी पाझरत होतं. हुंगलं. आंबट.

आईला कॉलवर हात दाखवला. ती म्हणाली, अमेरिकेतला साबण कडक असेल, हातमोजे घाल. आणि म्हणाली, एवढ्या तेवढ्याला नाक मुरडू नकोस गं, चांगलं घर मिळालंय.

३१ ऑगस्ट

आज घरी गोपाळकाला होता. इथली चाळीसेक मराठी माणसं आली. एका मोठ्या पातेल्यात पोहे, लाह्या, लोणचं, डाळिंब आणि सटातलं सगळं दही. एकाच पातेल्यात सगळ्यांचे हात! मी भिंतीला चिकटून उभी राहिले. काकू लोक बोटं चाटत होत्या. एक काका मनगटावरून ओघळलेलं कोपरापर्यंत चाटत गेले.

आमच्या एजन्सीच्या इथल्या प्रतिनिधी नीनाकाकू आल्या होत्या. काही अडचण असली तर त्यांनाच सांगायचं असतं. मी त्यांना बाजूला घेऊन हात दाखवला आणि दुसरं घर बघून द्या म्हणाले. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटसुलट बघितला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा तोंडात घातला. डोळे मिटून म्हणाल्या, "कामिलापेक्षा कितीतरी गोड आहेस गं तू."

जाताना चारुताताईंनी सगळ्यांना वाळवलेले रुमाल दिले. एक कुटुंब बॉथेलला शिफ्ट होतंय, त्यांना दोन. कुणाची तरी बहीण पार्सिपनीला असते, तिलाही एक.

मी बाथरूममध्ये जाऊन हिरवं पित्त पडेपर्यंत ओकले.

३ सप्टेंबर

फोन उघडत नाही. माझं बोट ओळखत नाही. बोटांवर रेषाच नाहीत, गुळगुळीत झालीत. पिन घालायला गेले तर काचेवर नुसता पांढरा फराटा. डाव्या हाताने कसाबसा उघडला.

आता कळलं सगळं. अहिल्याला कामिलाची आठवण येत नव्हती. ती जे खात होती त्याचं नाव सांगत होती. काकू घरातच आहेत म्हणजे काय तेही कळलं. सटाच्या तळाचा तो गोळा मी कचऱ्यात

मी हाताने ढकलला होता तो. ह्याच हाताने.

५ सप्टेंबर

हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाकडं येतंय.

काल सांगितलं, मी हात घालणार नाही. चारुताताईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. "ओके, नो प्रेशर," म्हणाल्या. संध्याकाळी अहिल्या आली आणि मांडीवर बसली. उपाशी. माझा उजवा हात ओढून तोंडात घातला. मी ओरडले, पण हात ओढून घेतला नाही. का नाही घेतला? दुखत नव्हतं. तिचे छोटे दात लागत होते नुसते, आणि तिचं पोट भरतंय हे कळत होतं —

करंगळीचं टोक नाही आता. रक्त नाही. तुटल्या जागी पांढरं, घट्ट.

मला माझीच शिसारी येते. स्वतःपासून लांब कुठे जायचं?

८ सप्टेंबर

निघाले होते. शंतनूदादा ऑफिसच्या कामाने पुण्याला गेलाय, चारुताताई कॉलवर. पासपोर्ट घेतला, गाडीची किल्ली घेतली. स्टीअरिंग धरलं. वळवलं. स्टीअरिंग वळलं नाही, तळव्याची कातडी वळली. साय निघते तशी अख्खी निघून चाकाला चिकटली. खाली पांढरं आणि थरथरणारं.

गाडी दारातल्या टपालपेटीवर गेली. चारुताताई धावत आल्या. माझ्याकडे नाही, आधी स्टीअरिंगकडे. वाटी घेऊन आल्या होत्या. खरवडून घेतलं सगळं.

मग मला घरात आणलं. म्हणाल्या, "वेस्ट नको व्हायला."

११ सप्टेंबर

उजवा हात कोपरापर्यंत —

खोलीत हीटर लावलाय. उकडतं. दिवा बंद करायचा नाही म्हणाल्या. तेवढी ऊब पुरते.

माझा रुमाल सापडत नाही. निळ्या काठाचा, आईने दिलेला. शंतनूदादाची बॅग चारुताताईंनी भरली होती. मी दाराशी उभी होते तेव्हा. घडी करून वरच्या कप्प्यात काहीतरी —

नाही. नाही नाही.

१४ सप्टेंबर

आईचा कॉल. चारुताताईंनी फोन माझ्यासमोर धरला, फक्त तोंड दिसेल असा.

आई खुशीत होती. शंतनूदादा मुद्दाम इचलकरंजीला जाऊन आला म्हणे. केवढा गुणी मुलगा. तुझा रुमाल दिला, म्हणाली, कोमट दुधात घातला, आणि काय सांगू रेणू, असं दही जन्मात लागलं नव्हतं. तुझ्याच हातचं वाटतं. गल्लीत सगळ्यांना वाटलं विरजण. रोज बोट बुडवून बघते, दूध बरोबर कोमट झालंय का ते. बोट काढावंसंच वाटत नाही बघ.

मी किंचाळले. आई, फेकून दे. हात घालू नकोस. ते दही मी आहे, आई, मी आहे त्यात, फेक —

आई हसली. पोट धरून हसली. शेजारच्या बायकांना म्हणाली, बघा, म्हटलं नव्हतं? अमेरिकेत गेली तरी आमची किळसाबाई ती किळसाबाईच.

बोटावरचं चाटता चाटता म्हणाली.

१६ सप्टेंबर

पेन धरवत नाही. डाव्या हाताचीही नखं —

वास येत नाही आता. म्हणजे येतो. वाईट वाटत नाही. त्याचीच भीती

दार उघडलं. अहिल्या आहे. वाटी. चमचा. गाल कसे वर आलेत पोरीचे. बसली शेजारी. मराठीत बोलतेय. पहिल्यांदा, अख्खं वाक्य, एकही चूक नाही —

"रेणूताई, अजून दे ना."

किती छान म्हणाली. मी डावा हात पुढे