पॉइंट चाळीस पैसे

६ ऑक्टोबर २००६
दोन महिन्यांचं फोनचं बिल आलं. नुसत्या कॉलचे दोनशे सहा रुपये! कंपनीच्या दरपत्रकात छापलंय — लोकल कॉल .४० पैसे. म्हणजे अर्ध्या पैशाहूनही कमी. होतात दोन रुपये सहा पैसे. कस्टमर केअरला विचारलं. चंदन नावाचा पोरगा. "सर, पॉइंट चालीस पैसा मतलब चालीस पैसा ही होता है ना!"
मग नुसते चाळीस पैसे कसे लिहाल? तो म्हणाला, "सेम ही है सर."

९ ऑक्टोबर
आज कस्टमर केअरला पिंकी. "रुपये में भी पॉइंट चालीस, पैसे में भी पॉइंट चालीस." देवा! पेणकरपाड्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. एकक चुकलं की अर्धा मार्क कापायचो. ममताचाही कापलाय, पोटच्या पोरीचा.
मी बिल कधी थकवलं नाही. आलं त्याच दिवशी रांगेत. ममता हसायची, "बाबा, खिडकी तरी उघडू द्या!" पण हे भरणार नाही.

१३ ऑक्टोबर
बायको चिडली, गिरिजा. "चाळीस पैसेच असणार, कळत नाही तुम्हाला?" न कळायला काय झालं! पण छापलंय काय? ती म्हणाली, "ममताच्या वेळीही तुमचंच खरं. पोरगी गेली."
झोंबलं. उत्तनच्या डॅरेनशी लग्न केलं म्हणून दोन वर्षं मी तिच्याशी बोललो नाही. आता तिने आईला कबूल केलंय — लक्ष्मीपूजनाला फोन करीन, बाबांनी उचलला तर बोलेन.
मी उचलणार आहे. गिरिजाला सांगितलं नाही.

१७ ऑक्टोबर
मुदत उलटली, कंपनीने आउटगोइंग बंद केलं. पिंकी म्हणाली होती, "इनकमिंग चालू रहेगा सर." मग घाबरायचं कशाला?

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
सकाळपासून फोनजवळ बसलो. दुपारी उचलून पाहिला — मुका! इनकमिंगही गेलं. जिला पॉइंट कळत नाही तिच्याच शब्दावर विसंबलो. ऑफिसला दिवाळीचं कुलूप. गिरिजाने एकटीनेच पूजा आटोपली. चिडली असती तर बरं झालं असतं.

२२ ऑक्टोबर
पीसीओवरून उत्तनला लावला. ममताच्या नणंदेने उचलला, शर्लिनने. "कोण हाय?"
राँग नंबर म्हणालो आणि ठेवला. काय माणूस आहे मी!

२३ ऑक्टोबर
दार उघडलं तर ममता. धापा टाकत होती, डोळे लाल. "फोन लावला तर बिल न भरल्यामुळे बंद, असं सांगतात. तुम्ही आणि बिल थकवाल? मला वाटलं, बाबा..."
डॅरेन खाली रिक्षातच बसला होता. मी स्वतः जाऊन त्याला वर आणलं. दोघं जेवून गेली.
उद्या खिडकी उघडायच्या आधी रांगेत. पूर्ण दोनशे सहा.