वजन वाढलं तरच

२१ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून लिहिते आहे. बाबांचा खोकला कमी आहे. जिन्यातला दिवा एकदाचा बदलला.

क्लासात नवी बॅच आली. तर्काच्या पेपरात जर-तरचं विधान दिसलं, की पोरं ते हमखास उलटं वाचतात. 'पास असेल तरच आत सोडतील' असं दिलं, की पासवाल्याला सोडणारच, असं धरून चालतात. सभागृह भरलं असेल तर पास असूनही बाहेरच राहावं लागेल, हे सांगून माझा घसा कोरडा पडतो.

घरीही तेच झालं. आईला तपासून डॉक्टर म्हणाले होते, "वजन वाढलं तरच ऑपरेशन करता येईल." घरी येईपर्यंत बाबांनी त्याचं "वजन वाढलं की ऑपरेशन" करून टाकलं. मी बोलायला गेले, तर म्हणाले, "तुझी शिकवणी क्लासात ठेव." मग दूध, अंडी, केळी यांचा मारा सुरू झाला. आई नाक दाबून खायची आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघायची. काट्यावर चढताना चष्माही काढायची नाही, तेवढंच वजन भरेल म्हणून. आम्ही खूप हसलो होतो.

वजन खरंच वाढलं, ते तुला बाबांनी कळवलंच. काल आईला तपासणीला नेलं. आजार यकृतापर्यंत पसरला आहे. ऑपरेशन होणार नाही. डॉक्टरांनी हे मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं. परत येताना आईनं विचारलं, "आता तारीख देतील ना गं?" मी हो म्हटलं. आज सकाळी तिनं आपणहून अंडं मागून घेतलं. ते मला बघवेना. मी नळ सोडून रडून घेतलं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. फोनवर ते शेजारीच बसलेले असतात. हे माझ्याच्यानं एकटीनं होणार नाही रे.

तू म्हणाला होतास, "तारीख ठरली की लगेच निघतो." तारीख ठरणार नाही. पण न ठरल्यास येणार नाही, असं काही तू म्हणालेला नाहीस. एवढ्याच एका गोष्टीला मी कालपासून धरून बसले आहे. बाकी कशाची आशा मला उरलेली नाही. काही विचारू नकोस, नुसता निघ.

मी तुझी वाट बघते आहे. आईही बघते आहे, पण तारखेची.

तुझी,
ताई