सतराव्या पानावरचं वजाचिन्ह

जरीपटका, नागपूर
सोमवार, ११ मे

तीर्थस्वरूप देवाजीमामांना,

सुशीलचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींनी दिलेलं तेल लावता की बाटली नुसतीच उन्हात ठेवता? इकडे कूलर बरा आहे, तुमची सून वैभवी बरी आहे. मी मात्र बरा नाही, आणि कारण लांबलचक आहे. चहा घेऊनच बसा.

तुम्ही उमरेडला सगळ्यांना सांगता, की भाचा आकाशात काम करतो. मामा, मी खुर्चीत काम करतो. दुर्बीण आयुष्यात दोनदा हाताळली, त्यातल्या एकदा झाकण काढायचं विसरलो. बारा वर्षांपूर्वी मी कागदावर गणित करून दाखवलं, की विश्व जन्मलं तेव्हा अवकाशात ज्या लहरी उठल्या (तुमच्या मागावरचा ताणा हलवून मी दाखवल्या होत्या, आणि तुम्ही ओरडला होता, "सूत तुटन गा!") त्या इतक्या ठळक आहेत, की यंत्रं त्यांना लवकरच पकडतील. या एका लेखावर मला नोकरी लागली, बढती मिळाली, चार देशांत भाषणं झाली. लहरी तेवढ्या आल्या नाहीत. दरवर्षी मी सांगायचो, यंत्रं अजून कच्ची आहेत.

करिष्मा ही माझी संशोधक विद्यार्थिनी. तिला मीच सांगितलं, की माझा लेख पहिल्या ओळीपासून सोडवून बघ (शिक्षकाबद्दल आदर वाढावा म्हणून). एप्रिलमध्ये एका दुपारी ती म्हणाली, "सर, सतराव्या पानावर वजा पाहिजे होता. तुम्ही अधिक केला." वजा धरला की दोन मोठे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात आणि लहर उरते ती नावापुरती. मी हसलो. मग तिला समजावलं. मग जरा आवाज चढला. ती गेली, ती दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही नाही. तिला खोटं पाडायला मी तीन आठवडे पाच वेगवेगळ्या रीतींनी गणित केलं. पाचही वेळा करिष्मा बरोबर. सहावी रीत मला येत नाही.

शेवटी परवा भर दुपारी, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, स्कूटरवर अख्खं नागपूर ओलांडून हुडकेश्वरला तिच्या घरी गेलो. दार तिच्या आईने, रुख्माबाईंनी उघडलं. माझे नुसते डोळेच दिसत होते, त्यामुळे मी सर आहे हे त्यांना पटेना. पटलं तेव्हा त्या जास्तच घाबरल्या.

"काय चुकलं जी पोरीचं?"

"तिचं नाही, माझं चुकलं."

"मंग तुम्ही काहून रडून राहिले?"

मी रडत नव्हतो मामा, घाम होता. (बराचसा.)

करिष्मा बाहेर आली. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की तू बरोबर आहेस, लेख मी मागे घेतो, दुरुस्तीचा लेख तुझ्या नावाने जाईल. ती म्हणाली, "आणि तुमच्याजवळ काय राहीन, सर?"

"माहीत नाही," मी म्हणालो. प्राध्यापक झाल्यापासून हे दोन शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले.

"सोमवारी येतो मी," ती म्हणाली.

काल लेख मागे घेतल्याचं पत्र धाडलं. तेव्हापासून, गंमत म्हणजे, भूक सपाटून लागते. मामींना नमस्कार.

तुमचा, उन्हाने आणि इतर कारणांनी काळवंडलेला,
सुशील

ता. क. येत्या रविवारी आपल्या समाजाच्या मंडळाने माझा सत्कार ठेवला आहे, तो याच लेखाबद्दल. तुम्ही मंडळाचे अध्यक्ष. एवढं मोठं पत्र त्यासाठीच. बॅनर लागलं असेल तर उतरवा. मी स्वतः फोन करणार होतो, हिंमत झाली नाही.

आणखी ता. क. वैभवीने पत्र वाचलं. ती म्हणते, "जरा आवाज चढला" एवढ्याने भागणार नाही, खरं काय ते लिहा. खरं असं, की त्या दुपारी करिष्माचे गणिताचे सगळे कागद मी तिच्यासमोर फाडले होते. परवा ती यायला तयार झाली, माफ केलं असं काही म्हणाली नाही. आज आली. सगळं गणित पुन्हा लिहून, दोन प्रती काढून आणल्या होत्या. एक माझ्या टेबलावर ठेवली. दुसरी आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि किल्ली पर्समध्ये टाकून मला विचारलं, "सुरू करू या, सर?"