भिंगांवर मेण नव्हतं

अण्णा, त्या वीस भिंगांबद्दल तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राहिलंच आहे.

शाळेत घालण्याआधी तुम्हीच मला घरी शिकवलंत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाण्याचा पेला आणि तुमच्या कारखान्यातली टाकाऊ भिंगं मांडून. फुगीर भिंग उजेड गोळा करतं, खोलगट भिंग फाकवतं. म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, पीएचडीसाठी मी दोन्ही बाजूंनी खोलगट भिंगं मागितली आणि त्या भिंगांनी न्यूट्रॉनचा झोत एका ठिपक्यावर आणायचाय म्हटलं, तेव्हा तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत.

"खोलगट? अगं, पाच वर्षांची असताना शिकवलंय तुला."

"न्यूट्रॉनचं उलटं असतं, अण्णा. खोलगट भिंगानंच ते जवळ येतात."

"म्हणजे तुझ्यासारखेच. सांगावं त्याच्या उलट," तुम्ही म्हणालात. आई पोळी लाटता लाटता हसली. मग तुम्ही नेहमीसारखे मधेच कानडीत शिरलात, "सरी, ठीक आहे, देतो करून. स्वल्प, थोडा वेळ लागेल."

निवृत्तीनंतर तुम्ही बेंगळुरूतल्याच यशवंतपूरच्या एका वर्कशॉपसाठी घरीच भिंगं घासत होतात. माझी भिंगं मात्र काचेची नाही, ठिसूळ स्फटिकांची, आणि एक भिंग न्यूट्रॉनला जेमतेम वळवतं, म्हणून एकामागे एक वीस हवी होती. तुम्ही प्रत्येक तुकडा मेणानं ठोकळ्यावर चिकटवून घासत होतात, मग मेण धुऊन मलमलीनं पुसत होतात. चार महिने. साबणाच्या पाण्यातून जाताना न्यूट्रॉन अगदी किंचित वळतात, त्या वळण्यावरून आतल्या कणांचा आकार काढायचा, एवढंच माझं काम. त्यासाठी ठिपका लहान हवा आणि भोवती काळोख हवा.

मुंबईच्या अणुभट्टीवर माझी पाळी आली. ठिपका आला, पण भोवती धुकं. मेणात हायड्रोजन असतो आणि हायड्रोजन न्यूट्रॉनना चारी बाजूंना उधळतो, हे मला पाठ होतं. घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच मी म्हणाले, "मेण राहिलंय, अण्णा. इतकी वर्षं हेच केलंत ना? साधं पुसता येत नाही?"

"माझ्या भिंगावर मेण?" तुम्ही एक भिंग खिडकीशी तिरपं धरलंत. मग दुसरं. आई म्हणाली, "जरा हळू बोल की गं."  तुम्ही तीन आठवडे बसून वीसच्या वीस पुन्हा धुतलीत.

दुसऱ्या खेपेलाही तेच धुकं. मग मी सगळी भिंगं काढून ठेवली आणि त्यांच्यामध्ये बसवलेल्या नुसत्या कड्या झोतात धरल्या. धुकं तसंच्या तसं. कड्या नायलॉनच्या होत्या. नायलॉनमध्येही हायड्रोजन भरपूर. त्या मीच आखल्या होत्या, मीच निवडल्या होत्या. तिथल्याच कार्यशाळेत ॲल्युमिनियमच्या करून घेतल्या आणि ठिपका स्वच्छ आला. माझ्या गाइडना, सरांना, मी त्याच दिवशी सगळं लिहून दिलं, चूक माझी, खाली सही. सर म्हणाले, "असं कबूल करणारी मुलं कमी असतात." ते वाक्य मी गाडीत बेंगळुरूपर्यंत मनात घोळवत आले.

तुम्ही दारातच उभे होतात. "मग? धुतल्यावर गेलं?"

तुमच्यापुढे मी कधी चुकले नव्हते, अण्णा. चुकले असेन, पण तुम्हाला कळू दिलं नव्हतं. आणि आधी जे बोलले होते, ते परत कसं घ्यायचं ते मला कळत नव्हतं. मी म्हणाले, "हो. गेलं."

"म्हणजे माझंच राहिलं होतं," तुम्ही म्हणालात. "नजर गेली आता."

दुसऱ्याच दिवशी तुम्ही यशवंतपूरला जाऊन मालकाला सांगून आलात, दुसरा माणूस बघा म्हणून. आईनं मला संध्याकाळी सांगितलं. तरी मी गप्प. त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होतात. रोज सकाळी पेपर वाचत होतात, पाच वाजता चहा मागत होतात. मला सांगायला सातशे दिवस होते.

भिंगं स्वच्छ होती, अण्णा, पहिल्या खेपेपासून. हे कागदावर लिहून कुणाला पोचणार, ते मला माहीत आहे. आणि सरांनाही न सांगितलेलं एक आहे. तुम्ही "माझंच राहिलं होतं" म्हणालात ना, तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं.