मामंजींचा नमुना

मामंजी,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला.

खोकताना रुमालावर रक्त दिसलं, तेव्हा तुम्ही माझ्या लॅबमध्ये आलात. सुनेची लॅब असूनही रांगेत उभे राहिलात. तुमच्या डबीत नुसती थुंकी होती. दुसरं कोणी असतं तर मी खेकसले असते, “ही थुंकी झाली, बेडका हवा! छातीतून खाकरून काढा, नाहीतर टीबी सापडायचा कसा?” रोज वीस जणांना सुनावते. पण सासऱ्यांना ‘खाकरा’ म्हणायला जीभ रेटेना. रक्त दातातून आलं असेल, अशी स्वतःचीच समजूत घातली, तीच थुंकी तपासली आणि ‘जंतू नाहीत’ असं लिहून दिलं.

तुम्ही गेल्यावर काल सासूबाईंनी तुमचे सदरे आवरायला काढले. एका खिशात तो रिपोर्ट होता, घड्यांवर फाटलेला. त्या म्हणाल्या, “चार महिने रक्त पडत होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं की हा कागद पुढे करायचे. म्हणायचे, डॉक्टर कशाला? आपल्या सुनेनं तपासलंय.”

फक्त परक्यांवर ओरडणारी,
तुमची सून