न केलेली तार

मस्तगड, जालना
माघ वद्य पंचमी, १९४७

चि. शरयू हीस ताईचा आशीर्वाद.

पहिल्यांदा विमानात बसलीस तेव्हा तू लिहिलं होतंस, "मद्रास ते बेगमपेठ सव्वातीनशे मैल, आणि फक्त अडीच तास!" ते पत्र आई माझ्याकडून रोज वाचून घ्यायची. शेजारच्या पुष्पाबाईंना सांगायची, "आमची शरू हवेतून येती." सात वर्षं तिचं अंथरूण-पांघरूण मी करत राह्यले, ते तिनं कुणाला सांगितल्याचं आठवत न्हाई.

पौषात तिचा ताप उतरेना, तेव्हा तिनं विचारलं, "नीला, शरूला तार केली का?"

"केली," मी म्हणाले.

"मंग आलीच समज. इमानानं बेगमपेठ, तिथून रातची गाडी. उद्या दारात."

तार मी केलीच नव्हती. तू आलीस की ती तुझ्याच हातचं पाणी पिणार, हे मला बिलकुल सोसलं नसतं. चार दिवस आई दाराकडं बघत पडून होती. पाचव्या दिवशी ती गेली, तेव्हा कुठं मी तारघरात गेल्ते.

तू दुसऱ्याच दिवशी आलीस. माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "ताई, तू जवळ होतीस, एवढंच समाधान. शेवटी काही बोलली का गं?"

मी न्हाई म्हणाले.

खरं तर तिनं माझा हात घट्ट धरून विचारलं होतं, "शरू, आलीस?"

मी म्हणाले, "आले, आई."

हे टपालात टाकायला न धजणारी,
तुझी नीलाताई