पट्टीखालची ओळ

कोपरी, ठाणे
९ जून २०२५

चि. नीरजा हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून कागद घेतला. क्षिप्राच्या लग्नाआधी घरातल्या सगळ्यांची थॅलेसेमियाची तपासणी हवी म्हणालीस, मीही हौसेने नातीसाठी दंड पुढे केला. आता अहवालाची झेरॉक्स पाठवतेस. मूळ का नाही? मधोमध केसाएवढी काळी रेघ आलीय. अगं, तीस वर्षं मराठीचे पेपर प्रश्नांच्या पट्ट्या चिकटवून काढले मी. पट्टीची कड झेरॉक्समध्ये उमटते, हे मला कळणार नाही?

काय झाकलंस तेही ओळखलंय. हा दोष सरोजकडचा. तुझा धाकटा भाऊ अद्वय अडीच वर्षांचा असताना गेला, तेव्हापासून सांगतोय. अंगावर पाजत असताना तिने सोमवारचे उपास सोडले नाहीत, म्हणून पोर पांढरं पडलं. तू लहानपणापासून आईला पाठीशी घालतेस. ती जाऊन सहा वर्षं झाली, आता तरी खरं सांग.

रागावलो असलो तरी माया आटलेली नाही, तुझीही आटू नये.

बाबा

कोपर, डोंबिवली
१४ जून

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पट्टी मीच चिकटवली. तुमची मुलगी असून पकडली गेले, याचं हसूच आलं.

परीक्षेला नसलेल्या कडव्यांना तुम्ही वर्गात कंस करायला लावायचात. पुस्तकात कविता पूर्ण, पण मुलं मधलं गाळून सलग म्हणायची. मी कॉलेजात शिकवते ते हेच. जनुक म्हणजे पुस्तक, ते पेशीच्या केंद्रकातच राहतं. त्याची नक्कल उतरते, तिला आरएनए म्हणतात. तिच्यातले मधले तुकडे कापून उरलेले जोडतात, मगच ती बाहेर जाते आणि तिच्यावरून हिमोग्लोबिन बनतं. आपल्या घरात कंसाजवळचं एकच अक्षर बदललंय. कात्री भलतीकडेच चालते, हिमोग्लोबिन कमी पडतं. एकाच पालकाकडून आलं तर माणूस तुमच्यासारखा ऐंशीतही ठणठणीत. दोघांकडून आलं तर मूल पांढरं पडत जातं.

पट्टीखाली लिहिलंय, दोष आजोबांच्या रक्तात आहे. तुमच्याकडून मला, माझ्याकडून क्षिप्राला. तिच्या सुदेशचा रिपोर्ट स्वच्छ आलाय, लग्नाला भीती नाही. पण अद्वयचं सगळं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यालाही बहुधा हेच असणार, आणि ते आईवडील दोघांकडून आल्याशिवाय होत नाही. उपासांनी तर नाहीच.

बाबा, मी आईला नाही, तुम्हाला पाठीशी घालत होते.

प्रकृतीला जपा, आणि माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

नीरजा

कोपरी
१९ जून

चि. नीरजास आशीर्वाद.

 कवितेच्या तासाच्या त्या दुपारी आठवत बसलो. साठ मुलं एका सुरात म्हणायची, कंस आला की उडी मारून पुढे. कंसातलं काय होतं, हे एकानेही कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

अद्वय गेल्यावर सरोजने पुन्हा एकही उपास केला नाही. दर सोमवारी माझ्यासमोर बसून मुकाट्याने भात जेवायची. मी ताटाकडे बघत मनात म्हणायचो, आता काय उपयोग. कधीकधी मोठ्यानेही म्हणालो.

मूळ अहवाल पाठव. पट्टी काढताना कागद फाटला तरी चालेल. क्षिप्राला तिच्या आजीची गोष्ट सांग, मी काय काय बोललो तेही. काही गाळू नकोस.

लोभाला मी पात्र आहे का, ते तूच ठरव.

बाबा